भिंत कुणाच्या हातची?

भाकरी झाल्या असतील, जनावरांना वैरण टाकून झाली असेल, तर रेडिओचा आवाज थोडा मोठा करा. आज घर सजवण्याबद्दल बोलायचं आहे. हा काय आपल्यासारख्यांचा विषय झाला का, असं काही जणी म्हणतील. आम्हीही तसंच म्हणत होतो. मग एका भिंतीवरून आमच्या गटात दोन महिने वाद चालला, तेव्हा कळलं की विषय आपलाच आहे.

झालं असं, की आमच्या गटातल्या एका ताईचं घरकुल पूर्ण झालं. बांधता बांधता दोन पावसाळे गेले होते. आतून गिलावा झाला, रंगाचा एक हात बसला, आणि पुढच्या खोलीची समोरची भिंत अशी मोकळी राहिली की तिच्याकडे बघवेना. जुन्या घरात मोकळी भिंत नावाची वस्तूच नव्हती. तिथं देवळी होती, खुंट्या होत्या, फळीवर पितळी डबे होते, कोपऱ्यात उतरंड होती, दांडीवर गोधड्या होत्या. भिंत दिसायची ती ह्या सगळ्यांच्या मधून. नव्या घरात नुसती भिंत, आणि तिच्यावर काय करायचं हे कुणालाच सुचेना.

आमच्यातल्या पोरींनी मोबाईलवर फोटो दाखवले. पांढरे सोफे, काचेची कपाटं, वरून लोंबणारे दिवे. ताईनं सगळे बघितले आणि विचारलं, "ह्या घरात फोडणी कुठं देतात?" शेवटी तालुक्याच्या बाजारातून तिनं वारलीचं स्टिकर आणलं. तांबडी जमीन, पांढरी माणसं, गोल फेर धरून नाचणारी, बाजूला एक नक्षीचा चौकोन आणि त्यात एक बाई उभी. भिंतीला चिकटवलं. घर उठून दिसायला लागलं, हे खरंच.

तिच्या सासूबाई, आम्ही सगळ्या त्यांना आजी म्हणतो, त्या भिंतीसमोर बसून राहिल्या. जरा वेळानं विचारलं, "ही माणसं कुणाच्या लग्नाला आलीत?" आम्ही हसलो. मग म्हणाल्या, "आणि चौकोनात उभी आहे ती कोण?"

ते कुणालाच सांगता आलं नाही. आमच्यातल्या एकीनं बी.ए.ला इतिहास घेतला होता, तिलाही नाही. तिच्या पुस्तकांत किल्ले होते, तह होते, सनावळ्या होत्या. घराची आतली भिंत कुठल्याच धड्यात नव्हती.

त्याच दिवसांत गटाला एक ऑर्डर आली होती. शहरातल्या एका व्यापाऱ्याला दोनशे पायपुसणी हवी होती, तागाची, वर वारली नक्षी रंगवलेली. नमुना त्यानंच दिला होता. तोच चौकोन, त्यात तीच बाई. आम्ही पस्तीस पायपुसणी रंगवली आणि त्यातली थोडी नमुन्याला म्हणून मुंबईच्या प्रदर्शनात आपल्या स्टॉलवर मांडली. शेजारी डहाणूकडच्या एका गटाचा स्टॉल होता. तिथली एक वारली ताई दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, आमच्याकडं आली. एक पायपुसणं उचललं, बघितलं आणि विचारलं, "हे पाय पुसायला हाय का?" आम्ही हो म्हणालो. तिनं ते हळूच पालथं घातलं. "ही आमची पालघट. हिच्यासमोर लगीन लागतं."

ती भांडली नाही. भांडली असती तर आम्हीही दोन शब्द बोललो असतो. पुढचे तीन दिवस दुपारच्या मोकळ्या वेळात आम्हीच तिच्याकडं जाऊन बसलो. तिनं सांगितलं त्यातलं काही, आणि नंतर तालुक्याच्या वाचनालयात बसून वाचलं त्यातलं काही, आज तुम्हाला सांगतो.

वारली लोक राहतात ते पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड ह्या भागात, आणि पलीकडं गुजरातेत आणि दादरा नगर हवेलीतही. त्यांचं जुनं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, बांबूनं बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपायची. आपल्याकडं शेणानं भुई सारवतात तसंच, पण तिथं भिंतही हातानंच सारवलेली. घराला खिडकी नसल्यातच जमा. दारातून उजेड आत येतो तेवढाच. अशा अंधाऱ्या, तांबूस भिंतीवर पांढरा रंगच उठून दिसणार. तो कसला, तर तांदळाच्या पिठीचा. तांदूळ भिजवायचा, वाटायचा, पाण्यात कालवायचा. बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ करायचं, झाला कुंचला. जमिनीला गेरू नाहीतर शेणच. विकत आणायचं काही नाही. घरात जे खायला आहे, जे गोठ्यात आहे आणि जे रानात आहे, त्यातूनच सगळं.

आणि चित्र शोभेला म्हणून काढायचंच नाही, लग्नाला काढायचं. आजींनी विचारलेला प्रश्न बरोबर निघाला बघा. ती माणसं लग्नालाच आलेली होती.

लग्नाच्या वेळी घरातल्या आतल्या भिंतीवर चौक लिहितात. तिकडं काढतात असं म्हणत नाहीत, लिहितात म्हणतात. तो लिहायचा मान सवासिनींचा. म्हणजे नवरा हयात असलेल्या बायकांचा. आपल्याकडं ओटी भरायला, हळद लावायला ज्या पुढं होतात, त्याच. ह्या मानाबद्दल आमच्यातल्या दोघी विधवा मैत्रिणींनी तोंडं फिरवली. त्यांचं चुकलं असं आम्हाला वाटत नाही. पण तिथलीच दुसरी गोष्ट ऐका. वारल्यांमध्ये लग्न लावायला भटजी नसतो. धवलेरी असते, आणि ती बाई असते. ती गाणी म्हणते, विधी सांगते, लग्न लावते. सवासिनी चौक लिहीत असतात आणि धवलेरीची गाणी चालू असतात. आमच्या गटात हे सांगितलं तेव्हा सगळ्या एकदम गप्प झाल्या. लग्न लावणारी बाई आम्ही कुणी पाहिली नव्हती. जी गोष्ट शहरात आता नवलाई म्हणून पेपरात छापून येते, ती जंगलातल्या पाड्यांवर पिढ्यानपिढ्या चालत आलेली.

चौक म्हणजे नक्षीच्या पट्ट्यांची चौकट. एकात एक पट्ट्या, त्रिकोणांच्या, वेलींच्या, साखळीसारख्या. मधल्या जागेत पालघट देवी. ती पेराची, वाढीची, लेकुरवाळेपणाची देवी. तिच्याभोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाड. शेजारी एक लहान चौक असतो, त्यात पंचशिऱ्या, पाच डोक्यांचा देव, राखण करणारा. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे पालघट घरात येऊन बसल्याशिवाय नवरा-नवरीला घर मिळत नाही, असं समजा. चौकाच्या बाहेर मग बाकीचं जग येतं. भात लावणाऱ्या बाया, ताडावर चढलेला माणूस, कोंबड्या, बैल, मुंग्यांची रांग, आणि तारपा वाजवणाऱ्याच्या भोवती नाचणारी माणसं. तारपा म्हणजे दुधी भोपळ्याचं तोंडानं वाजवायचं वाद्य. वारली चित्रातला माणूस कसा, तर दोन त्रिकोण टोकाला टोक लावलेले, वर गोल डोकं. कुणीही काढू शकेल इतका सोपा. ह्या सोपेपणाचं पुढं काय झालं तेही येईल.

वाचनालयात गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक मिळालं. ह्या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. आम्ही ते चित्रांची माहिती मिळेल म्हणून घेतलं आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचलं. चित्रांबद्दल त्यात शोधायला गेलो, सापडलं लग्नाबद्दल.

त्या काळी जमिनी गेल्या होत्या सावकार-जमीनदारांच्या ताब्यात. वारली माणसाला लग्न करायचं तर पैसा लागायचा, तो जमीनदाराकडून उसना घ्यायचा. आणि त्या कर्जापायी नवराच नाही, तर त्याची बायकोसुद्धा जमीनदाराकडं राबायला बांधली जायची. कर्ज फिटायचं नाही, मग पोरंही. अशा माणसाला म्हणायचे लग्नगडी. शब्द बघा कसा आहे. लग्न आणि गडी. ज्या लग्नासाठी सवासिनींनी चौक लिहिला, तांदळाची पिठी कालवली, त्याच लग्नानं माणूस गुलाम व्हायचा. आपण बचत गटात लग्नासाठी कर्ज मागणाऱ्या बाईला दहा प्रश्न विचारतो, ते ह्यासाठीच विचारायचे असतात. असो, विषय भिंतीचा आहे.

२३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर आणि किसान सभा त्यांच्यासोबत होती. रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या रानात कामाला जायचं नाही, असं ठरलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली, जेठ्या गांगड हा पहिला. पण वेठबिगारी आणि लग्नगडी ही चाल त्या लढ्यानं मोडली. आम्हाला सारखं वाटत राहिलं, की त्या सगळ्या वर्षांत, म्हणजे नवरा-बायको दोघं दुसऱ्याच्या बांधावर राबत असताना, कुडाच्या भिंतीवर चौक लिहिला जात होताच. पोटाला नसेल पण पिठीचा एक द्रोण बाजूला काढला जात होता. त्या बायांना कुणी विचारलं असतं, की घर सजवणं हा गरिबाचा विषय आहे का, तर त्या काय म्हणाल्या असत्या?

आता भिंतीवरचं चित्र कागदावर कसं आलं ते सांगतो. त्यासाठी जरा लांब जावं लागेल, बिहारमध्ये. कारण दोन्ही ठिकाणांना जोडणारा माणूस एकच, आणि तो मराठी.

बिहारच्या मिथिला भागात, मधुबनी, दरभंगा ह्या जिल्ह्यांत, बायका घराच्या भिंती रंगवत आल्या आहेत. तिथंही निमित्त लग्नाचंच. नव्या जोडप्याची खोली असते, तिला कोहबर घर म्हणतात. तिच्या भिंतीवर कमळ, बांबू, मासे, पोपट. बाहेरच्या पुरुषाला ती भिंत दिसायची नाही. १५ जानेवारी १९३४ ला तिथं मोठा भूकंप झाला, घरं फुटली आणि आतल्या भिंती उघड्यावर आल्या. पडझड बघायला फिरणारा आर्चर नावाचा इंग्रज अधिकारी त्या भिंती बघून थक्क झाला. त्यानं फोटो घेतले आणि १९४९ साली 'मार्ग' ह्या मुंबईच्या मासिकात लेख लिहिला. भूकंपानं घर मोडलं तेव्हा जगाला कळलं की आत काय होतं. ह्या गोष्टीवर आमच्यातली एक काकू म्हणाली, "म्हणजे आमचं चांगलं दिसायला घर पडावं लागतं." काकूंचं बोलणं असंच असतं.

पुढं १९६६-६७ला बिहारमध्ये दुष्काळ पडला. बायकांच्या हाताला काम द्यायचं म्हणून पुपुल जयकर यांच्या पुढाकारानं हस्तकला मंडळानं भास्कर कुलकर्णी नावाच्या मराठी चित्रकाराला मिथिलेत पाठवलं. त्यांनी बायकांना कागद दिला आणि सांगितलं, भिंतीवर काढता तेच ह्याच्यावर काढा. चित्रं दिल्लीला गेली, विकली गेली, पैसे घरी आले. त्या बायकांची नावं आज देशाला माहीत आहेत. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री, सीता देवींना १९८१ला, गंगा देवींना १९८४ला. त्यातल्या कुणी चार बुकंही शिकलेल्या नव्हत्या, पण चित्राखाली नाव आलं.

हेच भास्कर कुलकर्णी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वारली पाड्यांवर आले. तोच कागद, तेच बोलणं. इथं मात्र गोष्ट वेगळी घडली. सवासिनींचा चौक लग्नापुरता होता. लग्न नाही, पालघट बोलावलेली नाही, मग कागदावर कशाला लिहायचं? बाया मागं राहिल्या. पुढं आला गंजाड गावचा एक तरुण, जिव्या सोमा म्हसे. लहानपणी आई गेली आणि तो बोलायचाच थांबला, मातीत रेघा ओढून दाखवायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. तो लग्नाची वाट न बघता, रोज, मनाला येईल तेव्हा भिंतीवर चित्रं काढायचा. तोवर पुरुषानं असं करणं कुणी पाहिलं नव्हतं.

जिव्या सोमा म्हसे मोठाच माणूस, त्यात दुमत नाही. आम्ही त्यांच्या चित्रांचे फोटो पाहिले. एक मासेमारीचं जाळं आहे, पूर्ण कागदभर, बारीक बारीक रेघांचं, आणि त्यात चिमुकली माणसं. बघता बघता डोळे फिरतात. त्यांनी चौकाच्या बाहेरचं जग मोठं केलं. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. देशोदेशी प्रदर्शनं झाली. २०१८ साली ते गेले. त्यांच्यामुळं वारली हे नाव जगभर झालं आणि पाड्यावरच्या कितीतरी तरुणांना हाताला काम मिळालं.

पण मिथिलेत नावं बायकांची राहिली आणि इथं नाव पुरुषाचं झालं. ज्या सवासिनींनी पिढ्यानपिढ्या चौक लिहिला त्यांचं एकही नाव आम्हाला वाचायला मिळालं नाही. फोटोखाली 'वारली स्त्रिया चौक काढताना' एवढंच. यात जिव्या म्हसेंचा दोष नाही आणि भास्कर कुलकर्णींचा तर नाहीच, उलट त्यांनी कागद आधी बायांपुढंच ठेवला. दोष कुणाचा म्हणायचा? आमच्या गटात ह्यावर एक म्हणाली, बाया लाजल्या. दुसरी म्हणाली, लाजल्या नाहीत, त्यांचं ते विकायचं नव्हतंच. आम्हाला दुसरीचं जास्त पटतं. देवीला बोलावणं आणि चित्र काढणं ही त्यांच्यासाठी एकच गोष्ट होती. ती तोडून एक भाग विकायला द्या म्हटलं तर कोण देईल? पण हेही खरं, की घरातलं काम बाईचं आणि त्याच कामाला पैसा आला की ते पुरुषाचं, हे आपण शिवणकामात पाहिलं आहे, दूधधंद्यात पाहिलं आहे. आता वारली बायाही कागदावर काढतात, स्टॉल लावतात, आपली कला आपण विकतात. ती शेजारची ताई त्यातलीच. तिच्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तिचं नाव होतं. बारीक अक्षरात, पण होतं.

आणि आता तो सोपेपणा. दोन त्रिकोण आणि एक गोल. एवढं जमलं की वारली आली असं सगळ्यांना वाटतं. साड्यांवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर, छापखान्यात हजारांनी निघणाऱ्या स्टिकरांवर. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. पैठणीला आहे, कोल्हापुरी चपलेला आहे, तसंच. वस्तू कुठली आणि कुणाची, ह्याची ती सरकारी नोंद. पण तालुक्याच्या बाजारात स्टिकर विकणाऱ्याला त्याचं काय? आणि खरं सांगायचं तर आम्हाला तरी कुठं होतं? आम्ही गावाच्या घरी बसून पायपुसण्यावर पालघट रंगवत होतो. आपल्या देवीचा टाक कुणी असा दारात टाकला असता तर?

प्रदर्शनाहून परत आल्यावर बैठक झाली. ती बैठक सोपी नव्हती. दोनशे पायपुसण्यांचे बारा हजार रुपये होणार होते. आठ जणी म्हणाल्या, चौक काढायचा नाही. चौघी म्हणाल्या, आपण नाही काढला तर दुसरा गट काढेल, मग आपण का सोडायचे? त्या चौघींचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. एकीच्या मुलीची फी भरायची होती. मग ठरलं, व्यापाऱ्याला सांगायचं की पायपुसण्यावर देवी काढणार नाही, वेल काढू, पानं काढू, आमची आमची नक्षी काढू. फोन केला. तो म्हणाला, मला वारलीच पाहिजे. ऑर्डर गेली. त्या चौघींपैकी दोघी अजून म्हणतात की आपण उगाच सोवळेपणा केला. आम्ही त्यांच्याशी वाद घालत नाही. फीचे पैसे गटातून कर्ज म्हणून दिले, ते अजून फिटतायत.

मात्र "आमची आमची नक्षी" हे फोनवर बोलून गेलो, आणि फोन ठेवल्यावर एकमेकींकडं बघत राहिलो. आमची म्हणजे कुठली?

मग आजीकडं गेलो. आधी म्हणाल्या, आमचं काय असतंय, आम्ही नुसतं सारवत होतो. मग बोलता बोलता निघायला लागलं. पांढऱ्या मातीनं भिंत पोतारायची आणि खाली हातभर गेरूचा पट्टा ओढायचा. सारवताना हाताची बोटं अशी फिरवायची की भुईवर कमानी उठाव्यात, प्रत्येक घराची कमान वेगळी, शेजारणीला कळायचं ही कुणाच्या हातची. नागपंचमीला भिंतीवर नाग काढायचा. चातुर्मासात उंबऱ्यापाशी गोपद्मं. लग्नघराच्या दाराशेजारी हळदी-कुंकवाचे हाताचे ठसे, ते वर्ष-वर्ष राहायचे. चुन्यात बोटं बुडवून चुलीच्या भिंतीवर ठिपके. गोधडी शिवताना कडेनं मध्याकडं जाणारा टाका, चौकोनात चौकोन. आजी म्हणाल्या, "हे तुझ्या त्या चौकोनासारखंच की." आम्ही गोधडी उलगडून बघितली. पट्ट्यात पट्टी, आणि मधोमध एक लाल ठिगळ. तिथं देवी नव्हती, आजींच्या आईच्या लुगड्याचा तुकडा होता.

पंधरा दिवस आम्ही गावात घरोघर फिरलो, वहीत नक्षी उतरवून घेतल्या. तीस उशांचे अभ्रे केले, गोधडीच्या टाक्याचे आणि सारवणाच्या कमानीचे. पुढच्या प्रदर्शनात त्यातले अकरा विकले गेले. वारलीवाल्या पिशव्या ज्यांनी मांडल्या होत्या त्यांच्या शंभर गेल्या. एका गिऱ्हाईक बाईनं विचारलं, "ही कुठली कला?" आम्ही सांगितलं, आमच्या आजीची. तिला वाटलं आम्ही थट्टा करतो.

इकडं ताईच्या घरी पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि स्टिकरचे कोपरे सुटले. नाचणारी माणसं कमरेतून वाकली. ताईनं ते काढून टाकलं. मग एका दुपारी आम्ही सगळ्या जमलो. सिमेंटच्या भिंतीवर नुसता गेरू टिकत नाही, हाताला लागतो, म्हणून त्यात थोडा फेव्हिकॉल कालवला. भिंतीला आधी पॉलिशपेपर मारून घेतला. पांढऱ्यासाठी पिठी वापरू म्हणालो तर ताईनं मुंग्या येतील म्हणून नको म्हटलं, मग पांढरा ऑइलपेंट आणला. खाली गेरूचा पट्टा, वर बोटांच्या कमानी, दाराशी हाताचे ठसे. विधवा मैत्रिणींचे ठसेही त्यात आहेत. आजींनीच त्यांचे हात धरून रंगात बुडवले, आणि त्यावर कुणी काही बोललं नाही.

मधोमध आजींनी नाग काढला. हात थरथरतो त्यामुळं नाग वाकडा झाला आणि शेपटी दाराच्या चौकटीवर गेली. ताईच्या मुलानं चौकटीवरचा रंग पुसायला फडकं आणलं, तर ताई म्हणाली, राहू दे. आम्ही कोपऱ्यात खडूनं आजींचं नाव लिहिलं. आजी रागावल्या, भिंतीवर नाव काय लिहिता, मेलेल्या माणसाचं लिहितात. मग बराच वेळ त्या नावाकडं बघत बसल्या. लिहिता येत नाही त्यांना. विचारलं, "ह्यात माझं कुठलं अक्षर पहिलं?"

तर मैत्रिणींनो, वही अजून भरलेली नाही. तुमच्या माहेरच्या भिंतीवर काय काढायचे, कधी काढायचे आणि कुणाच्या हातचं असायचं, ते आठवून ठेवा. पुढच्या महिन्यात आम्ही वही घेऊन तुमच्या गावच्या बैठकीला येतोय. काढणारीचं नाव माहीत असलं तर तेही सांगा. नुसतं 'आमची आजी' म्हणून सोडू नका, आजीला नाव होतं.